शेळीच्या दुधाचं घरगुती चीज : रवाळ होतं आणि वासही मारतं

दूधखुळी

मंडळी, घरी शेळीच्या दुधाचं मऊ चीज करायला लागून आता बरेच महिने झाले. पण पाहुण्यांपुढे आधी काहीही खुलासा न करता ठेवावं असं अजून एकदाही जमलेलं नाही. तक्रारी दोन आहेत.

पहिली पोताची. मला हवंय पावावर सुरीने सहज पसरणारं, मऊसूत. होतं ते रवाळ. कधी बारीक रवा, कधी सरळ गोळ्या. वरून कोरडं आणि आतून ओलं, असंही झालंय.

दुसरी चवीची. पहिल्या दिवशी ठीक असतं. तिसऱ्या दिवशी डबा उघडला की बोकड घरात शिरलाय की काय असं वाटतं. घरच्यांनी फ्रीजमध्ये त्या डब्यासाठी वेगळा कप्पा द्यायची भाषा सुरू केलीय.

कृती अशी: दूध ३० अंशांपर्यंत कोमट करते, मेसोफिलिक कल्चर (मध्यम उबेत दूध आंबवणाऱ्या जिवाणूंची पूड) भुरभुरवते, रेनेटचे (दूध घट्ट लावणाऱ्या विकराचे) थेंब घालते आणि झाकून रात्रभर ठेवते. सकाळी फडक्यात बांधून टांगते. मीठ शेवटी. दर वेळी हेच करते आणि दर वेळी निराळं काहीतरी निघतं. आता कृती बदलू की दूध बदलू?

घड्याळजी

"रात्रभर" म्हणजे किती तास? खोलीचं तापमान काय? दूध कच्चं की पाश्चराइज केलेलं? रेनेटचे किती थेंब, किती लिटरला? टांगता कुठे आणि किती वेळ? एवढं कळल्याशिवाय दिलेलं उत्तर म्हणजे पत्रिका न बघता सांगितलेलं भविष्य.

चिमूटभर

आले, तापमापक घेऊन आले! आता धागा शंभरी गाठणार. (दिवे घ्या हो घड्याळजी.)

लिंबूटिंबू

एवढ्या भानगडी हव्यात कशाला? दूध ८५ अंशांपर्यंत तापवा, लिंबू पिळा, गाळा, मीठ घाला. तासाभरात चीज तयार. रेनेट नको, कल्चर नको, रात्रभर जागरण नको.

निवळशंख

लिंबूटिंबू, ताईंना पावावर पसरणारं चीज हवंय आणि तुम्ही त्यांना नेमकं रवाळ चीजच शिकवताय. गरम दुधात आम्ल घातलं की केसिनबरोबर (दुधातलं मुख्य प्रथिन) निवळीतली प्रथिनंही घट्ट होऊन खाली बसतात. चोथा भरपूर मिळतो हे खरं, पण रवे हा त्याचा स्वभावच आहे. कितीही घोटलं तरी जिभेला ते कळतंच. शिवाय ते गरम केल्यावर वितळतही नाही. भाजायला, परतायला उत्तम, पसरायला नाही.

लिंबूटिंबू

स्वभावाला औषध असतं. आम्ल एकदम ओतायचं नाही, पाण्यात पातळ करून थोडं थोडं घालायचं. निवळी हिरवट-पिवळसर, स्वच्छ दिसली की तिथेच थांबायचं, पुढचा प्रत्येक थेंब नुसता आंबटपणा वाढवतो. ढवळायचं जेमतेम, मग झाकून दहा मिनिटं सोडून द्यायचं आणि फडकं पिळायचं नाही. माझं चीज मऊ होतं बुवा. लोक उकळी आणतात, डावाने घुसळतात, वर वरवंटा ठेवतात आणि मग चिवट झालं म्हणून रडतात.

सूक्ष्मदर्शी

मी वासाबद्दल लिहिते. लोकांचा गैरसमज असतो की शेळीच्या दुधाला असा वास असायचाच. नुकतं काढलेलं, स्वच्छ, लगेच गार केलेलं शेळीचं दूध जवळजवळ बिनवासाचं असतं. वास नंतर तयार होतो.

दुधातल्या स्निग्धांशाचे थेंब एका पातळ पटलात गुंडाळलेले असतात. दुधात लायपेज नावाचं विकर मुळातच असतं. पटल शाबूत आहे तोवर त्याचा आतल्या स्निग्धांशाशी फारसा संबंध येत नाही. दूध हिंदकळलं, फेसाळलं, गोठून वितळलं किंवा गार-कोमट-गार होत राहिलं, की पटल फाटतं आणि लायपेजचं काम सुरू होतं. त्यातून सुटी मेदाम्लं बाहेर पडतात. त्यात कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक ही आहेतच, पण खरा "बोकड" आहे ४-इथाइल-ऑक्टेनोइक आम्ल आणि त्याचं भावंड ४-मिथाइल-ऑक्टेनोइक. ही इतकी तीव्र असतात की नगण्य प्रमाणातही नाकाला कळतात.

त्यामुळे दूधखुळीताईंना माझा प्रश्न: दूध तुमच्या पातेल्यात पडेपर्यंत त्याचं काय काय होतं? आणि चीज करण्याआधी ते नुसतं चाखता का?

करडांचा_बाप

सूक्ष्मदर्शी यांना अनुमोदन. शेळ्या पाळतो म्हणून गोठ्याच्या बाजूने भर घालतो.

धार काढल्यावर दूध लगेच गाळून, किटली बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करायचं. नुसतं फ्रीजमध्ये ठेवलं तर मोठी किटली आतून कितीतरी वेळ कोमट राहते. ४ अंशांच्या आत जितक्या लवकर जाईल तितकं बरं. सकाळच्या गार दुधात संध्याकाळचं कोमट दूध ओतायचं नाही, कारण त्याने सगळंच पुन्हा कोमट होतं. आधी गार करा, मग एकत्र करा.

बोकड शेळ्यांत मिसळून ठेवू नका, विशेषतः माजाच्या दिवसांत. त्याचा वास कासेला, हाताला, भांड्याला लागतो. आणि ज्या शेळीचं दूध खारट लागतंय तिची कास तपासा. कासदाहात (आमच्याकडे दगडी म्हणतात) दुधातले क्षार वाढतात, ते खारट लागतं आणि दही ढिलं पडतं. पहिल्या धारा काळ्या कपावर काढून बघायच्या, गुठळ्या असतील तर लगेच दिसतात. आटत आलेल्या शेळीच्या दुधाचंही थोडंफार असंच.

निवळशंख

बोकडाबद्दल मला शंका आहे. माझ्या ओळखीच्यांकडे बोकड कायम आवारात असतो आणि दूध एकदम गोड. आणि बोकड कधी पाहिलाही नाही अशा शेळ्यांचं दूध मी उग्र लागलेलं प्यायलोय. बहुतेक वेळा दोष गार करण्यातला असतो आणि नाव त्या बिचाऱ्या बोकडाचं होतं.

करडांचा_बाप

आवारात असणं वेगळं आणि धार काढताना शेजारी उभा असणं वेगळं. एकदा माजावरच्या बोकडाला हात लावा आणि मग तेच हात कासेला लावा. पुढे वाद घालायची गरज उरणार नाही.

चिमूटभर

बोकडाच्या वतीने कोणीतरी वकीलपत्र घ्या रे.

दूधखुळी

बाप रे, किती प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. घड्याळजी, ही घ्या उत्तरं.

दूध कच्चं, एका परिचितांकडून येतं. रोज थोडंच मिळतं म्हणून दोन-तीन दिवसांचं साठवते. रोजचं नवीन दूध फ्रीजमधल्या त्याच बरणीत ओतते. जास्त साठलं तर फ्रीझरमध्ये टाकते आणि नंतर वापरते. रेनेट दोन लिटरला चार-पाच थेंब, घट्ट लागावं म्हणून. खोली उबदार असते, २८-३० अंश असेल. टांगते ओट्याशेजारच्या खुंटीला, कारण खाली भांडं ठेवायला तिथे सोयीचं पडतं. ओटा म्हणजे अर्थातच शेगडीही तिथेच. दूध चाखत नाही, शेळीचं दूध नुसतं प्यायला मला आवडत नाही.

घड्याळजी

आता बोलता येईल. वासाचं उत्तर सूक्ष्मदर्शी देतील, मी पोताचं देतो.

तुम्हाला जे चीज हवंय ते मुख्यतः आम्लावर लागणारं आहे. कल्चरने हळूहळू आम्ल करायचं, पीएच (आम्लतेचं माप, आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) ४.६ च्या आसपास आला की केसिन आपोआप एकमेकांना धरतं आणि नाजूक दही लागतं. यात रेनेट फक्त हात देण्यापुरतं, चार लिटरला एक किंवा दोन थेंब. तुम्ही घालताय त्याच्या कितीतरी पट. एवढं रेनेट आणि वर ३० अंश म्हटल्यावर दूध आम्ल होण्याआधीच घट्ट लागतं. रेनेटवर लागलेलं दही आकसतं आणि निवळी जोरात बाहेर फेकतं. आकसलेले ते कण मग आम्ल होतात, कोरडे पडतात. तेच तुमचे रवे.

उपाय: कल्चर घालताना दूध २२ ते २४ अंश. कल्चर वरून भुरभुरवून दोन-तीन मिनिटं भिजू द्या, मग हलक्या हाताने मिसळा, नाहीतर त्याच्या गाठी राहतात. रेनेटचा एक थेंब चार चमचे उकळून गार केलेल्या पाण्यात टाका आणि दोन लिटरला त्यातलं निम्मं घाला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने रेनेट मरतं, आणि पातळ केलेलं रेनेट ताबडतोब वापरायचं असतं. मग २० ते २२ अंशांत, कोणी हलवणार नाही अशा जागी ठेवा. १२ ते २४ तास. घड्याळाकडे नाही, पातेल्याकडे बघायचं. वर बोटाच्या पेराएवढी निवळी आणि दह्याने कडा सोडलेली दिसली की झालं.

चिमूटभर

घड्याळजी म्हणताहेत घड्याळाकडे बघू नका. स्क्रीनशॉट घेऊन ठेवलाय.

घड्याळजी

ठेवा. टांगण्याबद्दल राहिलंच. शेगडीशेजारी अजिबात नको. उबेत बाहेरचा थर भराभर सुकतो आणि फडक्याला बंद करतो, आत निवळी अडकून आंबत राहते. वरून कोरडं, आतून ओलं ते यामुळेच. उलट थेट फ्रीजमध्ये टांगलं तर निवळी नीट सुटत नाही आणि चीज गिळगिळीत, आंबट होतं. २०-२२ अंशांतच टांगा. मधेच एकदा फडकं उघडून कडेचा घट्ट भाग चमच्याने मध्ये घ्या आणि पुन्हा बांधा. एवढ्याने निम्म्या गाठी जातात. दही फडक्यात ओतायचं नाही, पसरट डावाने पातळ थर उचलून अलगद ठेवायचं. खोली थंड नसेल तर पातेलं पाण्याच्या मोठ्या टोपात ठेवा आणि पाण्यात बर्फाच्या बाटल्या बदलत राहा.

फडकं_धुवा

कॅल्शियम क्लोराइड कोणीच कसं नाही सांगितलं? शेळीचं दही ढिलं लागतं म्हणून मी नेहमी घालते.

निवळशंख

रेनेटवरच्या चीजला उपयोग होतो, विशेषतः दूध पाश्चराइज केलेलं किंवा गोठवलेलं असेल तर. ३० टक्के द्रावण असेल तर चार लिटरला पाव चमचा, तेही पाण्यात मिसळून. पण इथे चाललंय त्या आम्लाच्या चीजला फारसं हशील नाही. पीएच ४.६ पर्यंत उतरेतो केसिनला चिकटलेलं बहुतेक कॅल्शियम सुटून निवळीत जातं. वरून आणखी घालून काय साधणार? आणि हात सैल सुटला तर चव कडवट होते.

शेळीचं दही मुळातच नाजूक असतं. त्यात अल्फा-एस१ हा केसिनचा प्रकार कमी असतो आणि किती कमी ते त्या शेळीच्या जनुकांवर ठरतं. दोन शेळ्यांच्या दुधात याबाबत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

सूक्ष्मदर्शी

निवळशंख यांच्या मुद्द्याला जोडून: ज्या शेळ्यांत हे केसिन कमी, त्यांच्या दुधात लायपेजची झीजही जास्त दिसते आणि चीजला शेळीची चवही जास्त येते. म्हणजे पोत आणि वास या दोन तक्रारी कधीकधी एकाच शेळीतून येतात.

दूधखुळीताई, तुमच्या साठवणीबद्दल. बरणीत रोज नवीन दूध ओतणं म्हणजे गार-कोमट-गार, आणि ओतताना फेस. त्यावर फ्रीझर. पटल फाडायचे जवळपास सगळे मार्ग तुमच्या स्वयंपाकघरात हजर आहेत. गोठवल्याने केसिनही बिघडतं, त्यामुळे त्या दुधाचं दही भुसभुशीत लागतं. रव्यांमध्ये त्याचाही वाटा असणार.

दूध आलं की लगेच पाश्चराइज करा: ६३ अंशांवर ३० मिनिटं, किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद, आणि ताबडतोब बर्फाच्या पाण्यात गार. एवढ्या उष्णतेने दुधातलं लायपेज निकामी होतं. मात्र आधीच सुटलेली मेदाम्लं परत जात नाहीत, म्हणून दूध ताजं असतानाच करायला हवं. थंडीत वाढणाऱ्या जिवाणूंनी सोडलेलं लायपेज तर या उष्णतेतूनही तगतं. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस ठेवलेल्या कच्च्या दुधाला शेवटी पाश्चराइज करून काही वाचत नाही.

रानमेवा

पण मग कच्च्या दुधाची मजा गेली ना? खरं चीज कच्च्या दुधाचंच. उकळून-तापवून सगळी चव मारायची आणि मग पुडीतलं कल्चर घालून उसनी आणायची, याला काय अर्थ आहे?

सूक्ष्मदर्शी

कच्च्या दुधात निराळे सूक्ष्मजीव असतात आणि मुरवलेल्या चीजला त्याने खोली येते, हे मान्य. पण आपण बोलतोय ताज्या, ओल्या, चार दिवसांत संपवायच्या चीजबद्दल. तिथे ना मुरण्याचा काळ, ना कोरडेपणा, म्हणजे काही वाईट असेल तर त्याला अडवणारं फारसं काहीच नाही.

शेळीच्या दुधात मला सगळ्यात भीती वाटते ती ब्रुसेला मेलिटेन्सिस या जिवाणूची. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना एक चिवट ताप यायचा. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये त्याचा हाच जिवाणू वेगळा काढला, पण तो माणसात येतो कुठून याचा पत्ता लागायला १९०५ उजाडलं. थेमिस्टोक्लीस झॅमिट यांना तो शेळ्यांमध्ये सापडला, वरवर ठणठणीत दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये! पुढच्या वर्षी सैनिकांना शेळीचं दूध बंद केलं आणि रोगी झपाट्याने कमी झाले. त्यामुळे "शेळी धडधाकट आहे" हे पुरेसं उत्तर नाही, तपासणी झालेली हवी. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर लिस्टेरिया या जिवाणूचाही विचार करा. तो फ्रीजच्या थंडीतही वाढतो.

करडांचा_बाप

माझ्या शेळ्यांची रक्ततपासणी होते आणि तरीही ताज्या चीजसाठी मी दूध तापवतो. रानमेवा, ६३ अंशांवर चव मरत नाही हो. ८० च्या वर नेलं की मात्र शिजका वास येतो आणि रेनेट रुसतं.

रानमेवा

मी मुरवलेलंच करतो, तेही तपासलेल्या शेळ्यांचं. पण ताज्यापुरता तुमचा मुद्दा मान्य.

नवशिकी_नंदा

मधेच विचारते, राग मानू नका. माझं दही सकाळी पातेल्यात चक्क तरंगत होतं! आत भोकंच भोकं, स्पंजसारखं. हलकंफुलकं दिसतंय. हे चांगलं लक्षण का?

घड्याळजी

नाही! फेकून द्या. चाखूही नका.

सूक्ष्मदर्शी

फेका. भोकं म्हणजे वायू, आणि एका रात्रीत एवढा वायू करणारे म्हणजे कोलिफॉर्म जिवाणू नाहीतर यीस्ट. पावाच्या पिठासारखा किंवा दारूसारखा वास असेल तर यीस्ट, शेणट असेल तर पहिले. काही सुगंधी कल्चरमध्ये थोडा वायू होतो, पण दही तरंगण्याइतका फुगारा झाला तर जोखीम नको. फडकं उकळा, भांडी उकळत्या पाण्याने धुवा. कल्चर उघडल्यापासून किती जुनं आहे तेही बघा. मेलेल्या कल्चरमुळे आम्ल वेळेत वाढत नाही आणि बाकीच्यांना मोकळं रान मिळतं. दूध देणाऱ्यांना हेही विचारा की एखाद्या शेळीला प्रतिजैविक दिलंय का, त्याचा अंश दुधात असला तर कल्चर उठतच नाही.

नवशिकी_नंदा

फेकलं. थोडं भाजून बघणार होते, बरं झालं विचारलं.

लिंबूटिंबू

म्हणून सांगतो, ८५ अंश आणि लिंबू. तरंगायचं नाव नाही.

फडकं_धुवा

माझा प्रश्न कडूपणाचा. ताजं छान लागतं, आठवड्याने शेवटी जिभेवर कडवट येतं.

निवळशंख

पहिला संशय रेनेटवर. जास्तीचं रेनेट चीजमध्ये राहून प्रथिनं तोडत राहतं आणि त्यातले काही तुकडे कडू असतात. बुरशीपासून बनवलेलं रेनेट यात जरा जास्तच उत्साही. दुसरा संशय मिठावर. निथळलेल्या चीजच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के मीठ हवं, वजन करूनच घाला. मीठ कमी असेल तर हे सगळे व्यवहार जोरात चालतात. तिसरा, तुमचं ते लाडकं कॅल्शियम क्लोराइड.

फडकं_धुवा

तीनही गुन्हे कबूल. मीठ आयोडिनचं चालतं का? कल्चर मरतं म्हणतात.

निवळशंख

मीठ घालेपर्यंत कल्चरचं काम आटोपलेलं असतं, आणि ते थांबावं म्हणूनच तर आपण मीठ घालतो. बारीक, गुठळ्या न धरणारं कुठलंही चालेल.

बुरशीप्रेमी

अवांतर होतंय पण विचारतोच. पांढरी बुरशी लावून चीज मुरवतोय. सुरकुत्या मस्त येतात, पण साल आतल्या भागापासून सुटते आणि खाली चिकट रस होतो.

रानमेवा

माझं आवडतं दुखणं! जिओट्रिकम (सालीला सुरकुत्या आणणारी बुरशी) माजलाय. चीज फार ओलं असताना मुरायला गेलं की हे होतं. टांगून झाल्यावर, मीठ लावल्यावर एक-दोन दिवस १४-१५ अंशांत वाऱ्यावर ठेवा, रोज उलटा. वरची ओली चकाकी गेली की मगच डब्यात. मुरायला १० ते १२ अंश. मीठ बेताचं वाढवलं तरी जिओट्रिकम आवरतो. फ्रान्सच्या लॉयर खोऱ्यात सेंत-मोर आणि व्हालांसे या शेळीच्या चीजच्या अंगाला मीठ घातलेली कोळशाची पूड लावतात. वरचा आंबटपणा त्याने थोडा मावळतो आणि साल नीट धरते. सेंत-मोरच्या आत तर आरपार एक काडी असते. नळकांड्यासारखं ते नाजूक चीज मोडू नये म्हणून.

करड्या केसांसारखी लांब बुरशी आली तर ती म्युकर. दमट हवेत पसरते, डबा रिकामा करून धुवावा लागतो.

चिमूटभर

या धाग्यावर जेवता जेवता येऊ नये हे आज शिकले.

दूधखुळी

धागा वर काढतेय. सांगितलं ते सगळं केलं. दूध आलं त्याच दिवशी पाश्चराइज, बर्फात गार, फ्रीझर बंद. रेनेट निम्मा थेंब. पातेलं टोपात, बाटल्या बदलत. टांगायची जागा बदलली.

पोत: रवा गेला! पावावर सरळ पसरलं. घड्याळजी, तुम्हाला साष्टांग.

वास: निम्म्याहून कमी झाला, पण तिसऱ्या दिवशी अजून थोडा येतोच. आणि या वेळी आंबट जास्त झालं. आधीचं रवाळ उरलेलंही डब्यात आहे, त्याचं काही करता येईल का?

घड्याळजी

आंबटपणा दोन ठिकाणी कापा. निवळी पेरभर चढली की लगेच फडक्यात घ्या, आणि टांगून झाल्यावर मीठ घालून तडक फ्रीजमध्ये. मिठाविना खोलीत ठेवलेला प्रत्येक तास आम्ल वाढवतो. कल्चरही मोजून घाला, जास्त घातलं म्हणून चीज चांगलं होत नाही.

आधीचं रवाळ चीज खोलीच्या तापमानाला आणा, चमचाभर साय घाला आणि घोटा. गार असताना घोटलं तर गोळ्या राहतात. मिक्सर लावलात तर क्षणभरच, नाहीतर ओघळेल. पूर्ण गुळगुळीत नाही होणार, पण खपून जाईल.

निवळशंख

घोटण्यापेक्षा भाजलेल्या भाजीवर कुस्करा, तिथे रवे कोण मोजतंय. वास जास्त असेल तर मात्र कशातही लपत नाही. लसूण घालून बघू नका, दोन्ही वास शाबूत राहतात.

करडांचा_बाप

राहिलेल्या वासासाठी एक करा. तुमच्या परिचितांना सांगा की प्रत्येक शेळीचं पेलाभर दूध वेगळ्या स्वच्छ बाटलीत, शेळीचं नाव लिहून द्या. फ्रीजमध्ये ठेवा. पहिल्या दिवशी चाखा, तिसऱ्या दिवशी चाखा. दूध आवडत नसेल तर घरातलं दुसरं कोणी चाखेल, पण चाखायला हवंच. सगळ्या बाटल्या उग्र झाल्या तर धार काढण्यात किंवा गार करण्यात घोळ आहे. एखादीच झाली तर ती शेळी आहे.

दूधखुळी

बाटल्यांचा निकाल लागला. पाच शेळ्या. चौघींचं दूध तिसऱ्या दिवशीही गोड. एका तपकिरी शेळीचं पहिल्याच दिवशी जरा खारट आणि तिसऱ्या दिवशी खवट, थेट तोच वास. परिचित म्हणाले ती आटत आलीय आणि पुढच्या महिन्यात तिचं दूध बंदच करणार आहेत. तिचं सोडून बाकीच्यांचं चीज केलं. आज चौथा दिवस, डबा उघडला, काही नाही. म्हणजे चीजचा वास आहे, बोकडाचा नाही.

करडांचा_बाप

खारट लागलं म्हणताय तर आटायच्या आधी एकदा तिची कास बघून घ्यायला सांगा. नुसतं आटण्याने होऊ शकतं, पण दगडी आत लपलेली असेल तर पुढच्या वेतात त्रास देईल.

दूधखुळी

सांगते. आणि तिचं दूध फेकायचं का?

करडांचा_बाप

कास ठीक निघाली तर ताजं, त्याच दिवशी तापवून वापरा. साठवायचं नाही. पहिल्या दिवशीच्या दुधाचं लिंबूटिंबूंच्या पद्धतीने केलंत तरी चालेल, संध्याकाळपर्यंत खाऊन संपवायचं.

लिंबूटिंबू

शेवटी माझ्याकडेच आलात ना!

नवशिकी_नंदा

माझं दही आज तरंगलं नाही, पण लागलंही नाही. वीस तास झाले, दूध तसंच पातळ. दूध बंद खोक्यातलं होतं, त्यावर अतिउच्च तापमान प्रक्रिया असं काहीतरी लिहिलंय.

निवळशंख

त्या दुधातली निवळीची प्रथिनं उष्णतेने उलगडून केसिनला चिकटलेली असतात, रेनेटला शिरायला वाट मिळत नाही. पण वीस तासांत आम्लानेही लागलं नाही म्हणजे कल्चरही गार पडलंय. चमचाभर दूध वाटीत घेऊन चाखा, आंबट लागतंय का?

नवशिकी_नंदा

अजिबात नाही. गोड आहे.

घड्याळजी

मग कल्चरची पुडी बदला. आणि नवीन धागा काढा, तापमान आणि तासांसकट.